गुरांच्या डोळ्यांच्या शिबिरासाठी मदत पाहिजे (मुंबईकरांनी पण वाचा!!)

नमस्कार मंडळी, चतुर्थीची गडबड आहे माहितीय तरी वाचा. 2022 ला लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी येणारा रोग) आला तेव्हा आपल्या मंडळाच्या पोरांनी भर पावसात गोठ्यागोठ्यात जाऊन गुरं धरली, लस टोचून घेतली, डॉक्टर अजून नाव काढतात. आपला लोखंडी खोडा (उपचाराला जनावर अडकवून उभं करायची चौकट) बोरिवलीच्या काकांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, अजून एक वेल्डिंग सुटलेलं नाही, आणि सड्यावरच्या वहिनी तर स्वतःच्या गोठ्यात वासरू पण नसताना दरवर्षी औषधाचे पैसे न मागता पाठवतात, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

आता यंदा माश्या बेसुमार झाल्यात आणि खालच्या वाडीत बऱ्याच गुरांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळतंय, उजेडात डोळा उघडत नाहीत. पापणी उलटून बघितली तर आत पांढरे बारीक जंत वळवळतात. माशी डोळ्यातलं पाणी चाटायला बसते तीच या जंतांची पिल्लं सोडून जाते. वेळेत काढलं तर ठीक, नाहीतर डोळ्यात फूल (पांढरा डाग) पडतं, जखम होते, डोळा जातो. तंबाखूचं पाणी, मीठ असलं काही घालू नका हात जोडून सांगतो. डॉक्टर थेंब घालून डोळा बधिर करतात, चिमट्याने जंत काढून धुतात, मग इंजेक्शन. कोणाच्या जनावराला डोळ्याच्या आतल्या पाण्यात दोऱ्यासारखा जंत फिरताना दिसला तर तो डासांमुळे होणारा वेगळा प्रकार, त्याला ऑपरेशनच लागतं, आधी कळवा.

राग नको, पण गेल्या वर्षी याच ग्रुपवर मेसेज टाकला तर अंगठे पन्नासेक आले आणि वर्गणी चार घरांची. डीजेचे पैसे मात्र एका रात्रीत जमले. असो.

खर्च अंदाजे 25,000 (औषधं, चिमटे, हेडटॉर्च, डॉक्टरांची गाडी, माश्यांचा स्प्रे), पैसे खजिनदारांकडे किंवा पिन केलेल्या क्यूआरवर, पावती मिळेल. शिबिर विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी 8 ला शाळेच्या मागे, धरायला पोरं पाहिजेत. दुभत्या गाईचं आधी सांगा, इंजेक्शननंतर दूध किती दिवस वापरायचं नाही ते डॉक्टर सांगतील. मारक्या बैलाला दोन कासरे लावून आणा.

– सेक्रेटरी