बाबांच्या लिव्हरबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, तुझा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. रात्री पुन्हा केला तर बाबा रुसलेले. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ (म्हणजे लिव्हरमध्ये चरबी, पहिली पायरी) आलं याचं एवढं नाही, पण दांडिया बाजारच्या मित्रमंडळींत कुणीतरी “काय राव, गुपचूप घेता वाटतं?” असं म्हणालं, ते फार लागलंय. दारूबंदीच्या गुजरातेत उभा जन्म काढलेल्या माणसाला असं म्हणायचं म्हणजे अतीच.

बाबा, थेंबभरही न घेणाऱ्यांना हे होतं, आणि खूप जणांना होतं. वाढलेलं पोट आणि काठावरची साखर एवढं पुरतं. डॉक्टरांनी हे सांगितलं असेलच. तुमचा खरा प्रश्न वेगळा होता: लिव्हरसाठी कॅप्सूल विकणारा तो माणूस म्हणतो की पोटातले जंतू बिघडले म्हणून लिव्हर बिघडलं, हे खरं का? गंमत म्हणजे माझी रोजची भाकरी याच प्रश्नावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खरं आहे, पण ते मुख्यतः उंदरांत सिद्ध झालंय. आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी लिव्हरमधून जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळजवळ पाऊण रक्त याच वाटेने येतं. म्हणजे आतड्यातले जिवाणू जे काही तयार करतील, त्याचा पहिला हिशेब लिव्हरकडे.

२००४ साली अमेरिकेत जन्मापासून एकही जंतू पोटात नसलेल्या उंदरांवर एक प्रयोग झाला. असे उंदीर प्लास्टिकच्या बंद तंबूत वाढवतात, दाणापाणी निर्जंतुक करून आत देतात, आणि हात घालायचा तो तंबूलाच जोडलेल्या लांब मोज्यांतून. त्यांच्या पोटात साध्या उंदरांचे जंतू सोडले, तर १४ दिवसांत अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आणि लिव्हरमधली दुपटीहून जास्त झाली. खाणं उलट कमी झालं होतं! उंदराला स्वतःला न पचणारा चोथा जंतू फोडतात, आतडं जास्त साखर शोषून घेतं आणि लिव्हर त्या साखरेची चरबी करायला लागतं. आई, “मी वारा खाल्ला तरी जाड होते” हे तुझं पेटंट वाक्य मला आठवलं, पण हा पुरावा म्हणून वापरू नकोस, तो उंदरांचा आहे.

याहून मला आवडतो तो २०१३चा फ्रान्सचा प्रयोग. एकाच वाणाचे, एकच तेलकट खाणं खाणारे उंदीर, तरी एकाची साखर चढली आणि लिव्हर चरबीने भरलं, दुसरा ठणठणीत. दोघांचे जंतू काढून वेगवेगळ्या जंतूरहित उंदरांना दिले आणि सगळ्यांना तेच तेलकट खाणं घातलं. ज्याचे जंतू, त्याच्यासारखं लिव्हर. आमच्याकडे म्हणूनच पिंजऱ्यांची कटकट फार. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात (जेवताना वाचत असाल तर माफ करा), त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जंतू सारखे होऊन बसतात आणि फरक औषधाचा की पिंजऱ्याचा, ते कळत नाही. फरक मात्र उघड्या डोळ्यांना दिसतो. निरोगी लिव्हर गडद तांबडं-तपकिरी असतं, चरबीचं फिकट पिवळसर, आणि चिमट्यातून निसटतं.

आता बाबांसाठी खास. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांना फॅटी लिव्हरच्या सुमारे ६० टक्के रुग्णांच्या आतड्यांत बऱ्यापैकी अल्कोहोल बनवणारे क्लेब्सिएला जातीचे जिवाणू सापडले. ते उंदरांना दिल्यावर त्यांचंही लिव्हर फॅटी झालं. थोडक्यात, काहींच्या पोटातच भट्टी लागलेली असते. पुन्हा कुणी चेष्टा केली तर हे ऐकवा, पण तुमच्याही पोटात तेच असेल असं मात्र समजू नका. तिथले रुग्ण तिथले.

मग कॅप्सूल का नको? कारण कॅप्सूलसोबतच्या त्या कागदावर छापलेला आलेख उंदराचा आहे. उंदराच्या पित्तात म्युरिकोलिक आम्ल नावाचं एक पित्ताम्ल असतं, माणसात नसतं. जिवाणू पित्ताम्लांत फेरफार करतात आणि त्यातूनच चरबी-साखरेबद्दलचे बरेच निरोप लिव्हरपर्यंत जातात. मूळ पित्तच वेगळं, तर निरोपही वेगळे. शिवाय आमच्या उंदरांना ६० टक्के उष्मांक चरबीतून मिळतील असं खाणं देतात. बाबा, तुम्ही श्रीखंड-पुरीवर कितीही ताव मारलात तरी रोज तिथवर पोचणार नाही. त्या माणसाने मलाच विकायला यावं, मी तासभर बसवून घेईन. आणि शौचाचा नमुना पाठवून जंतूंची यादी देणारी ती महागडी तपासणीही नको. यादी येईल, पण तुमच्या लिव्हरसाठी तिचं काय करायचं हे कुणी खात्रीने सांगू शकणार नाही.

माणसांत पक्कं ठाऊक असलेलं कंटाळवाणं आहे. वजन ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सूज असेल तर ७ ते १० टक्के लागतात. ८२ किलोंचे ५ टक्के म्हणजे जेमतेम चार किलो, तेही सावकाश. कमाटीबागेत जाताच आहात, फक्त बाकावरचा वेळ थोडा चालण्याकडे वळवा. शेव-उसळ बंद करा असं मी म्हणणार नाही. उसळ खा, त्यावरचा शेवेचा डोंगर आईने अर्धा करावा. संध्याकाळच्या चहातली साखर कुठे जाते ते मला फोनवरूनही कळतं, हे लक्षात असू द्या.

एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि तीन महिन्यांच्या साखरेच्या रिपोर्टाचे फोटो पाठवा, आकडे वाचता येतील असे. मागच्या वेळी निम्मा फोटो आईच्या अंगठ्याचा होता.

तुमची,
मनू