ती. आई-बाबांना : मागची खोली तुमचीच आहे

डोंबिवली

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "मग आता आमची तिथं अडचणच." तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. फोनवर मी भरभर बोलत सुटते, आई गप्प होते आणि बाबा "बरं, ठेवू का?" म्हणतात. म्हणून सगळं नीट लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आईचा चष्मा अजून बदललेला नाही हे मला माहीत आहे.

हो, मागच्या खोलीत मी गाण्याच्या कामाचा कॉम्प्युटर बसवला आहे. तुम्ही आलात की दाखवणार होते, पण ईरानं आधीच सांगून टाकलं, आणि तिच्या सांगण्यावरून तुम्हाला वाटलं असेल की खोलीचा स्टुडिओ झाला. तसं काही झालेलं नाही. पलंग खिडकीशी होता तिथेच आहे. आईची बाजू भिंतीकडची, बाबांची दाराकडची. कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे ठेवलेत, वाकायला नको म्हणून मधलाही एक. बाबांचा रेडिओ खिडकीत आहे. गेलं ते फक्त जुनं शिलाई मशीन, त्या जागी चार फुटी टेबल आलं. न्हाणीघरात कमोडशेजारी हाताला धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतलाय, आणि पलंगाची उंची डॉक्टरांनी सांगितली तेवढी करून घेतली आहे, म्हणजे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला उठताना जोर लावावा लागणार नाही.

बाबा, तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. लॅपटॉप असताना हे कशाला?

त्याचं असं आहे. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका नाटकाचं पार्श्वसंगीत केलं, तेव्हा त्यात नुसता तंबोरा हवा होता, बाकी काही नाही. आपला सतारमेकर गल्लीतला तंबोरा घेऊन बसले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण पाठवलं होतं, ते मी मागच्या खोलीतल्या भिंतीवर लावलंय. जवारी छान लागली होती. तार छेडली की सूर फुलत जायचा आणि मग सावकाश विरत जायचा. आणि त्या विरण्यात नेमका लॅपटॉपचा पंखा ऐकू यायचा. घूंऽऽ. तो आवाज सॉफ्टवेअरनं काढता येतो, पण त्याबरोबर जवारीचे वरचे बारीक सूरही जातात. मग तंबोऱ्याचं उरतं काय, तुम्हीच सांगा.

लॅपटॉपची घडणच तशी. पातळ डब्यात सगळं कोंबलेलं. दहा-बारा ट्रॅक उघडले, त्यावर रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) वगैरे लावलं की तो तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग आवाजात टक् टक् असे खंड पडायला लागतात. माझ्या लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, वाढवायलाही जागा नाही. म्हणजे पुढचा लॅपटॉप घेतला तरी काही वर्षांनी पुन्हा सगळाच बदलायचा. डेस्कटॉपचं तसं नाही. तुम्ही स्कूटरचे पार्ट बदलत बदलत ती ईरा होईपर्यंत चालवलीत, तसंच याचंही एकेक बदलत नेता येतं.

जोशीकाकांचा पुतण्या म्हणाला की मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा कॉम्प्युटर घे, तेही मी पाहिलं. वस्तू चांगली आहे, आवाज जवळजवळ नाही, आणि कुणी नव्यानं सुरुवात करणार असेल तर मी त्याला तोच घ्यायला सांगेन. पण त्यातली रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि माझी जुनी प्लगिन्स, म्हणजे वाद्यांची आणि इफेक्टची जोड-सॉफ्टवेअरं, सगळी विंडोजवरची आहेत. म्हणून मी जोडून घ्यायचं ठरवलं.

आता काय घेतलं ते सांगते, कारण तुम्ही बिल मागणार. प्रोसेसर एएमडीचा, रायझन ७ ७७००. आठ कोअरचा, म्हणजे आत काम करणारे आठ जण, आणि ६५ वॉटचा. आमच्या कामात एका ट्रॅकवर लावलेले सगळे इफेक्ट एकामागून एक चालवावे लागतात, ते बहुधा एकाच कोअरवर येतं. म्हणून नुसते कोअर किती हे बघून भागत नाही, एकटा कोअर किती वेगवान ते बघावं लागतं. मग ट्रॅक वाढले की आठ जण काम वाटून घेतात. याहून मोठे प्रोसेसर भरपूर आहेत, पण ते वीज जास्त खातात, म्हणजे तापतात जास्त, म्हणजे पंखा जोरात. माझा सगळा हिशेब पंख्यावर येऊन थांबत होता. रॅम ३२ जीबी, दोन पट्ट्यांत, कारण वाद्यांचे रेकॉर्ड केलेले नमुने बरेचसे तिच्यात भरून ठेवावे लागतात. एसएसडी दोन घेतल्या, एक विंडोजला आणि एक नुसत्या त्या नमुन्यांना. फिरणारी हार्ड डिस्क आत लावलीच नाही, तिची घरघर नको. बॅकअपची डिस्क बाहेर, कपाटात.

ग्राफिक्स कार्डही घेतलं नाही. ते गेम खेळणाऱ्यांना किंवा व्हिडिओवाल्यांना लागतं. या प्रोसेसरमध्ये मॉनिटर चालवण्यापुरती सोय आहे. त्यात मोठी रक्कम वाचली, शिवाय कार्डाचे पंखेही वाचले. त्यातले थोडे पैसे मी कूलरवर घातले. कंपनीचा कूलर सोबत येतो, तो चालतो, पण मी उंच टॉवरचा घेतला, १२० मिलिमीटर पंख्याचा. कॅबिनेटचे पंखे १४० मिलिमीटरचे आहेत. पातं मोठं असलं की सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतं, आणि सावकाश फिरलं की आवाज नाही. पॉवर सप्लाय असा आहे की लोड कमी असेल तर त्याचा पंखा फिरतच नाही.

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घ्या म्हणून फार मागे लागला होता. मी साधं काळ्या पत्र्याचं घेतलं. बाबांना खोलीत दिव्याचा ठिपकासुद्धा चालत नाही. पॉवरच्या बटणापाशी एक निळा दिवा होता, त्यावर काळी टेप लावली आहे.

जोडणी मी आणि निखिलनं घरीच केली, हॉलमध्ये, जमिनीवर चादर अंथरून. आई, तू असतीस तर "आधी जेवा" म्हणाली असतीस. या प्रोसेसरला खाली पिना नसतात, पिना मदरबोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तो खालच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग खटका लावताना करकर असा आवाज येतो, काळजाचं पाणी होतं. सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरले आणि स्क्रीन काळाच. निखिल लगेच वायर काढायला निघाला. मी त्याचा हात धरला, कारण मी वाचलं होतं की या रॅमला पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड तिची जुळणी तपासत बसतो, त्याला काही मिनिटं लागतात, मध्ये बंद करायचं नाही. आम्ही तिघं चादरीवर बसून राहिलो. मग अक्षरं आली आणि ईरानं टाळ्या वाजवल्या.

बाबा, हे तुमच्यासाठी. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे घेतो, आणि एकेक न हाताळता त्यांचे गठ्ठे करतो. लॅपटॉप अडखळू नये म्हणून मला १०२४चा गठ्ठा ठेवावा लागायचा. म्हणजे आवाज आत जाऊन हेडफोनमध्ये परत यायला पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तुम्ही पेटीवर आणि तबलजी पन्नास-पंचावन्न फुटांवर, असा तो प्रकार. कुठली सम आणि कुठलं काय! आता गठ्ठा १२८चा आहे, जाऊन-येऊन सातेक मिलिसेकंद, म्हणजे तबलजी आठ फुटांवर. बैठकीत एवढं अंतर असतंच. तुम्ही बारावीनंतर घेऊन दिलेला कीबोर्ड यालाच जोडलाय. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतात ती मिडी १९८३ची, पण आजही चालते, एका छोट्या यूएसबी वायरवर काम झालं. त्याचा वरचा सा अजून अडकतो, तो मी दुरुस्त करणार नाही.

मला आठवतं, तुम्ही पेटी काढलीत की मी शेजारी बसून भाता मारायचा हट्ट करायचे आणि तुम्ही तुमचा हात काढून घ्यायचात. माझा वेग चुकायचा, सूर हलायचा, तुम्ही एकदाही रागावला नाहीत. आणि आई, दर्ग्याच्या उरुसात संगीत सभेला तू मला मांडीवर घेऊन बसायचीस, पदर तोंडावर ओढून. मला गाणं आठवत नाही, तुझ्या पदराचा वास आठवतो. मी हे काम करते ते तिथून आलंय. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही, ती काळजी करू नका. संध्याकाळी आणि शनिवारी-रविवारी करते.

पैशांचं सांगते. सगळं मिळून लाखाच्या आत बसलं, अठरा टक्के जीएसटी धरून. नाटकाच्या आणि नृत्यवर्गाच्या कामांचे पैसे साठवले होते, त्यातून केलं. हप्ता नाही, कर्ज नाही. ऑपरेशनचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत, त्याला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. अण्णांच्या आजारपणात बाबांनी जे सोसलं, ते मी विसरलेले नाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर नावाचं घेतलं, माझ्यासारख्या छोट्या कामवाल्यांना ६० डॉलरमध्ये मिळतं.

तुमच्या खोलीचाही फायदा झाला आहे. माइक लावला तेव्हा ५० हर्ट्झची घुरघुर येत होती. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर त्या खोलीचं अर्थिंगच सैल निघालं. ते नीट करून घेतलं, गीझरचंही तपासलं. यूपीएस बसवलाय, लाइट गेली तर बाबांचा टेबल लॅम्पही त्यावर काही वेळ चालेल. सगळ्या वायरी भिंतीला क्लिपा लावून वर घेतल्यात. जमिनीवर एकही वायर नाही. ईराची सायकल हॉलमध्ये फिरवून बघितली, कुठे अडकली नाही, तेव्हा आईचा वॉकरही अडकणार नाही.

आणि वेळेचं. आई घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस मशीन बंदच राहील, तसं मी नाटकवाल्यांना सांगून टाकलंय. त्यानंतरही दुपारी जेवण झाल्यापासून चहापर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकणार नाही. निखिललाही हे पटलेलं आहे, उलट खोलीच्या दाराला रबराची पट्टी त्यानंच लावली, हॉलमधला टीव्ही आत ऐकू येऊ नये म्हणून. आई, जावयाच्या घरी किती दिवस राहायचं हे आता मनातून काढून टाक. हे माझं घर आहे. तुझा गुडघा माझ्या डोळ्यांसमोर बरा व्हायला हवा, मला मिरजेहून फोनवर "बरंय गं" ऐकायचं नाही.

आता सांगते ते ऐकायचं. महालक्ष्मीची दोन्ही तिकिटं काढली आहेत, दोघांनाही खालचे बर्थ. कल्याणला उतरा, निखिल प्लॅटफॉर्मवरच असेल, हमालाशी घासाघीस करत बसू नका. आईच्या साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नाही. रात्रीचा डबा सोबत घ्या, गाडीतलं काही खाऊ नका. एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट वेगळ्या फाइलमध्ये, त्यात जुना ईसीजीही हवा. बाबा, तुम्ही डोळ्यात थेंब टाकायचं विसरता, आई सांगते मला. इथे आल्यावर मी स्वतः टाकणार.

लोणचं, भडंग, कणीक यांतलं काही आणू नका, सगळं इथे मिळतं. जड उचलायचं नाही, दोघांनीही. फक्त माळ्यावरच्या ट्रंकेतल्या आजीच्या दोन जाड गोधड्या आणा, त्या मात्र हव्यात. गाणाऱ्याच्या मागे स्टँडवर टाकल्या की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. बाजारात त्यासाठी फोम मिळतो, पण जाड गोधड्यांनीही काम होतं. आणि थंडीत तुम्हालाच पांघरायच्या झाल्या तर मी स्टँडवरून काढून देईन. ट्रंक काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारा.

बाबा, पेटी आणायची की नाही ते तुम्ही ठरवा. गाडीत जड होईल असं वाटलं तर राहू दे, पुढच्या महिन्यात मी येऊन घेऊन जाईन. टेबलाशेजारी तिची जागा मोजून ठेवली आहे. बैठक नको, खुर्चीवर बसून वाजवता येईल असा उंच पाट सुताराला सांगितलाय.

पत्र मिळाल्यावर फोन करा. आईनं करायचा.

तुमची,
मनू