नेरळच्या इंजिनाचा पोकळ एक्सल

दादर, मुंबई

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचं माथेरानच्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचं ड्रॉइंग पोचलं. फ्रेम सुरेख जमलीय, सिलिंडरची जागाही बरोबर आहे. पण तीनही एक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचे दांडे, तू साधे टाकलेस आणि पुढच्या-मागच्याला दोन-दोन मिलिमीटर आडवी ढील दिलीस, ते मात्र बदल. माथेरानचं इंजिन माथेरानचं आहे ते या टोकाच्या दोन एक्सलमुळे. ते गेले की उरेल ते कुठल्याही साखर कारखान्याचं इंजिन.

आधी त्यामागचं कारण सांगतो. नेरळ ते माथेरान दोन फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), जेमतेम २१ किलोमीटर, आणि चढ वीसास एकपर्यंत. म्हणजे गाडीच्या दर टनामागे ५० किलोची ओढ निव्वळ चढासाठी लागते. वळणाचं घर्षण त्याहून वेगळं. पावसाळ्यात रूळ ओले झाले की चाकाची पकड बरीच खाली येते. अशा ठिकाणी पुढे वाट दाखवायला बिनओढीची छोटी चाकं लावली, तर इंजिनाचं तेवढं वजन ती खातात आणि पकड आणखी घटते. म्हणून सहाच्या सहा चाकं ओढणारीच हवीत. पण तीन एक्सल एका फ्रेममध्ये जखडले की घोड्याच्या नालेसारख्या त्या वळणांवर इंजिन अडकणार. दार्जिलिंगच्या 'बी' वर्गाच्या इंजिनाने हा प्रश्न चारच चाकं ठेवून सोडवला. आदमजी पीरभॉय मंडळींच्या या लाइनचे सल्लागार होते बार्शी लाइट या छोट्या रेल्वेवाले इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. इथे सहा चाकं ठेवली आणि क्लीन-लिंडनर पद्धतीचे एक्सल घेतले. जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलने अशी चार इंजिनं बांधली आणि १९०७ साली लाइन सुरू झाली.

आता तुझी आडवी ढील का चालत नाही ते बघ. ढिलीमुळे एक्सल बाजूला सरकतो खरा, पण राहतो बाकीच्यांना समांतरच. वळणावर चाक रुळाला तिरकं लागतं, कड रुळाच्या अंगात घुसते, झिजते, आणि जोर जास्त झाला तर वर चढते. एक्सलने नुसतं सरकून भागत नाही, त्याने वळायलाही हवं. पण तो वळला तर चाकांना एकमेकांशी जोडणारा कपलिंग रॉड वाकडा होणार! जर्मनीतल्या सॅक्सनीच्या रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर यांनी हा तिढा एक्सलचे दोन भाग करून सोडवला. आतला भरीव एक्सल फ्रेममधल्या बेअरिंगांत सरळच फिरतो. रॉड ज्यांना जोडतात ते क्रँक त्याच्या टोकांना, फ्रेमच्या बाहेर, म्हणून रॉड कधीच वाकडे होत नाहीत. त्यावर सैल बसवलेला पोकळ एक्सल असतो आणि चाकं असतात ती या पोकळ एक्सलवर. दोघांची गाठ फक्त मधोमध पडते. आतल्या एक्सलवर तिथे एक गोळा असतो, गोळ्यातून आरपार एक पिन. वजन गोळ्यातून खाली उतरतं, ओढ पिनेतून चाकांकडे जाते. मधला एक्सल साधाच.

तुझ्या बारास एक मापात गेज ५१ मिलिमीटरच्या आसपास येतो. आतला एक्सल ६ मिलिमीटर धर. मधला १० मिलिमीटरचा गोळा त्याच सळईतून कातून काढ, वेगळा ठोकून बसवू नकोस, तो हमखास फिरतो. पोकळ एक्सल बाहेरून १६, आतून सरळ १० चा बोअर (भोक), म्हणजे गोळा एका बाजूने आत सरकतो. टोकाशी चारी बाजूंनी २ मिलिमीटर मोकळी जागा राहते. तीन अंश वळायला टोकापाशी साधारण १.३ लागतात, तेव्हा तेवढी पुरे. पिन ३ मिलिमीटर, कडक स्टीलची. तिच्यासाठी पोकळ एक्सलला समोरासमोर दोन खाचा पाड, लांबीच्या दिशेने ८ मिलिमीटर. रुंदीला मात्र पिन घट्ट सरकेल इतकीच जागा ठेव. इथे चुकलास तर दर फेऱ्याला ठोका बसेल. पिन खाचेतून घाल, टोकं बाहेर येऊ देऊ नकोस, वरून पातळ रिंग चढव. क्रँक सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंत ९० अंशांचा फरक ठेवून.

खऱ्या इंजिनातही दुखणं याच ठिकाणचं. गोळा आणि पिन पोकळीच्या पोटात, तेल पोचवणं अवघड. झीज झाली की सरळ रुळावर चाकं डुलायला लागतात आणि दुरुस्तीला चाकं खालून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून पोकळ एक्सलला तेलाचं एक छोटं भोक आत्ताच पाडून ठेव. एवढी कटकट असूनही या इंजिनांनी १९८२ पर्यंत काम केलं. जर्मन डिझेल इंजिनं त्याच्या बरीच आधी येऊन दाखल झाली होती, हे लक्षात घे. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

बॉयलरचंही जाता जाता सांगतो. वीसास एक चढावर दर १०० मिलिमीटरला पाणी ५ मिलिमीटरने एका टोकाकडे जातं. तुझा बॉयलर ३०० चा, म्हणजे १५ चा फरक. चिमणी चढाकडे असताना पाण्याची पातळी दाखवणारी काच भरलेली दिसेल, त्यावर विसंबू नकोस. उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं आणि फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, माथा उघडा पडतो. पाण्याची खूण सपाट रुळावर उभं करूनच कर.

मुंबईला आलास की कर्जत लोकलने नेरळला उतर. तिथे त्या चार इंजिनांपैकी ७४१ क्रमांकाचं उभं आहे. वर माथेरानला ७३९, ७३८ दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये, ७४० इंग्लंडला गेलं. नेरळला बाजूने बघितलंस तर क्रँक आणि रॉडच दिसतील, चाकं फ्रेमच्या आड. गुडघ्यावर बसून टॉर्च आत मार. मधला एक्सल बारीक आणि टोकाचे दोन जाडजूड दिसले की समज, तोच आपला पोकळ एक्सल. माप घ्यायला टेप जवळ ठेव.

पुढचा एक्सल झाला की चाकांसकट नुसता हातावर फिरवून बघ, मगच मागच्याला हात घाल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर