यशाचं सोंग वठवायचं तर नीट वठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘महिन्यात लखपती व्हा’ सांगणारा काल्पनिक गुरू रचून व्हिडिओ करू पाहणाऱ्या सांगलीतल्या मुलांसाठी हे पत्र. नट कॅमेऱ्याकडे बघून हसला की मामला नकलेवर येतो. पात्राचा स्वतःच्या स्वप्नावर पुरता विश्वास हवा. अमेरिकन कलावंत लिन हर्शमन लीसन यांनी १९७३ ते १९७८ या काळात रॉबर्टा ब्रेटमोर ही काल्पनिक बाई वठवली. तिच्या नावाने वाहन परवाना आणि क्रेडिट कार्डही काढलं. ते आपण करू नये, बनावट ओळखपत्र हा गुन्हा आहे. पण व्हिजिटिंग कार्ड, सत्काराची शाल, फ्लेक्स हवंच. फ्लेक्सवर मनाने मोबाईल नंबर टाकू नका. तो कुणाचा तरी निघतो.

आठेक मिनिटं सलग चित्रित करा, कट नको. भाषण संपल्यावरही कॅमेरा मिनिटभर चालू ठेवा. घाम, घसरलेली शाल, खुर्ची चाचपणारा हात, खरं काम तिथेच होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेऱ्याचा वेग तिच्याशी जुळला नाही तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करा, नाहीतर पांढरा सदरा पुढे आला की चेहरा काळवंडतो.

आणि टीका स्वप्न विकणाऱ्यावर हवी, कर्ज काढून क्लासची फी भरणाऱ्या जत-आटपाडीच्या पोरावर मुळीच नको.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीतल्या महोत्सवांनी या कामांना काळे पडदे लावलेली खोली आणि माणसाएवढी प्रतिमा पाडणारा प्रोजेक्टर द्यावा. उजेडातल्या स्टेजवर ती फिकी पडतात.

आपले,
व्हिडिओकलेत काम करणारे काही वाचक, सांगली