आत्या, वॉटसनकडे बघायला लावलंस त्याबद्दल थँक्यू

प्रिय आत्या,

हे तुला खाजगीत पाठवलं असतं तर तू एक अंगठा टाकून मोकळी झाली असतीस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आणि दुसरं म्हणजे शेरलॉक होम्सचे सिनेमे बघायचेत पण सुरुवात कुठून करू असं विचारणारे लोक मला सारखे भेटतात आणि दरवेळी मी तुझंच वाक्य, तुझं नाव न घेता, माझं म्हणून खपवते, तर एकदा जाहीर आभार मानून टाकलेले बरे.

वाक्य असं होतं: "होम्स कोण आहे ते सोड, वॉटसन कोण आहे ते सांग, मग बघायचा का नाही ते ठरवू." (वॉटसन म्हणजे होम्सचा डॉक्टर मित्र, आणि 'कोण आहे' म्हणजे कुठला नट.)

तेव्हा मी पार गोंधळलेली होते. २०१२ मधे गिनेसवाल्यांनी मोजलं तर सिनेमा आणि टीव्ही धरून होम्स २५४ वेळा पडद्यावर येऊन गेलेला, आणि त्यानंतरही थांबलाय कुठे. ज्याला विचारावं तो स्वतःचा होम्स घेऊन बसलेला, एक म्हणतो बेसिल रॅथबोन सोडून बाकी सगळे नकली, दुसरा जेरेमी ब्रेटबद्दल अवाक्षर ऐकून घेत नाही, तिसऱ्याला कंबरबॅचच्या आधी काही होतं हेच मान्य नाही. त्या भांडणात तू एकटीच अशी होतीस की जिने होम्सला बाजूलाच ठेवलं.

कारण पण तूच समजावलंस. कॉनन डॉयलच्या साठ गोष्टी, त्यातल्या छप्पन्न वॉटसन सांगतो. म्हणजे पुस्तकात आपण होम्सला बघतो तेच मुळी वॉटसनच्या डोळ्यांनी, त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही आणि म्हणून शेवटी आपणही त्याच्याइतकेच चकित होतो. सिनेमात हे काम कॅमेरा करतो. मग वॉटसन बेकार! प्रत्येक दिग्दर्शकाला त्याच्यासाठी नवीन नोकरी शोधावी लागते, आणि ती कुठली शोधली त्यावरून त्या माणसाने पुस्तक वाचलंय का फक्त टोपी आणि पाइप बघितलाय ते कळतं. हे तू फोनवर एका दमात बोलून गेलीस आणि वर "चल ठेवते" म्हणालीस, मी मात्र बराच वेळ तेच घोळवत बसले होते.

त्यानंतर तू मला १९१६ चा विल्यम जिलेटवाला मूकपट बघायला लावलास. हा सिनेमा हरवला म्हणून सगळ्यांनी आशा सोडलेली आणि २०१४ मधे पॅरिसच्या सिनेमाटेक फ्रान्सेज या फिल्म संग्रहालयात त्याची फ्रेंच शीर्षकांची निगेटिव्ह सापडली. खरं सांगू, मधे मधे पेंग आली मला. पण तुझा मुद्दा पटला, होम्स झालेला जिलेट काय दिमाखात वावरतो त्यात आणि वॉटसन कधी येतो कधी जातो पत्ता लागत नाही. बेकारीची पहिली केस.

रॅथबोनचे चौदा सिनेमे, १९३९ ते १९४६, हे मात्र तुझ्याशिवाय मी बघितलेच नसते. मी एक लावून बघितला होता, नुसता चिखल, चेहरे दिसेनात, आवाज खरखरणारा, आणि बंद केला. तू विचारलंस प्रिंट कुठली होती, मला काय माहीत प्रिंट बिंट. मग तू सांगितलंस की युनिव्हर्सलच्या त्या मालिकेतले चार सिनेमे कॉपीराइटमधून सुटले त्यामुळे कोणीही उठावं आणि कॉपीवरून कॉपी काढावी असं झालं, कोणी कोणी रंग सुद्धा फासले, पण यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या अर्काइव्हने सगळे नीट दुरुस्त केलेत ती आवृत्ती शोध. (त्या दुरुस्तीला पैसे देणाऱ्यांत प्लेबॉयवाला ह्यू हेफनर होता हे ऐकून मी किती हसले होते.) शोधली, आणि अगं तोच सिनेमा, धुक्यातला दिव्याचा उजेड वेगळा, कोटाची वीण वेगळी दिसायला लागली!

आता त्यातल्या वॉटसनबद्दल, म्हणजे नायजेल ब्रूसबद्दल, आपलं जमत नाही ते नाहीच. पुस्तकातला वॉटसन म्हणजे अफगाण युद्धात मैवंदला गोळी खाऊन आलेला आर्मी डॉक्टर, आणि ब्रूस त्याचा पार विदूषक करून ठेवतो, पुटपुटतो काय, अडखळतो काय. तू म्हणतेस की त्याच्यामुळेच रॅथबोनचा होम्स माणसात येतो. तुझ्या बाजूने एवढंच कबूल करते की १९४२ च्या 'व्हॉइस ऑफ टेरर' मधला तो सीन लाखात एक आहे. होम्सला उचलून दुसऱ्या महायुद्धात आणून ठेवलंय, घराबाहेर पडताना तो सवयीने शिकारी टोपीकडे हात नेतो आणि वॉटसन त्याला टोकतो की नाही हं, तू कबूल केलं होतंस. होम्स मुकाट्याने साधी हॅट उचलतो. सेकंदभराचा खेळ. तू फोनवर "मागे घे, परत बघ" म्हणाली नसतीस तर माझ्या नजरेतून सुटलाच असता, कारण मी होम्सकडे बघत होते ना.

'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही वॉटसनची बोर्डाची परीक्षा आहे हे पण तुझंच. मधला मोठा भाग होम्स गायब, वॉटसन एकटा डार्टमूरच्या माळावर बास्करव्हिल घराण्याच्या वारसाला, सर हेन्रीला सांभाळत बसलेला, म्हणजे नट कच्चा असेल तर सिनेमा तिथेच बसतो. आपल्याकडचा 'बीस साल बाद' (१९६२) याच गोष्टीवरून घेतला, त्यांनी तर होम्स-वॉटसनच काढून टाकले आणि लताबाईंच्या गाण्यावर निभावून नेलं, तो पण एक उपाय. १९५९ च्या हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत सिनेमात पीटर कुशिंग होम्स आहे आणि सगळे त्याच्याबद्दल आणि सर हेन्री झालेल्या क्रिस्टोफर लीबद्दल बोलतात, तू मला त्यातला वॉटसन, आंद्रे मोरेल, बघायला सांगितलंस. शांत, ताठ, अक्कल असलेला डॉक्टर. ब्रूसनंतर तो बघून मला कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

पण माझा नंबर एक वॉटसन म्हणजे रशियन सोलोमिन, आणि याचं श्रेय शंभर टक्के तुला, कारण लेनफिल्म या रशियन स्टुडिओचं काही मी स्वतःहून लावलं असतं असं मला तरी वाटत नाही. १९७९ पासूनचे ते टीव्हीसाठी केलेले सिनेमे, लंडनची बेकर स्ट्रीट चक्क रिगाच्या एका गल्लीत उभी केलेली. लिवानोव होम्स. आणि पहिल्याच भागात वॉटसनला संशय येतो की आपल्याबरोबर राहणारा हा माणूस गुन्हेगारांचा म्होरक्या वगैरे आहे! किती बरोबर आहे ते, विचित्र माणसं घरी येतात, विषांबद्दल सगळं माहिती, धंदा काय ते सांगत नाही, कोणाही शहाण्या माणसाला हाच संशय येईल. सोलोमिन हे सगळं इतक्या गंभीरपणे करतो की हसू पण येतं आणि त्याची बाजू पटते पण.

जेरेमी ब्रेटची ब्रिटिश टीव्हीवरची ग्रॅनडाची मालिका काही सिनेमा नव्हे (मधे दोन तासांचे भाग आहेत, ते धरूया), तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यात वॉटसन बदलतो, आधी डेव्हिड बर्क आणि मग एडवर्ड हार्डविक, आणि मी कटकट केली होती की मधेच नट काय बदलतात. तू म्हणालीस कुठे बदललाय ते बघ. बर्कचा वॉटसन रायखेनबाखच्या धबधब्यापाशी होम्सला गमावतो, आणि मेला असं समजलेला होम्स तीन वर्षांनी परत येतो तेव्हा समोर हार्डविक असतो, वयाने मोठा, मऊ, थोडा थकलेला. नट मिळाला नाही म्हणून केलेली ही सोय, पण बघताना वाटतं की तीन वर्षांच्या दुःखाने माणसाचा चेहराच बदलला. हे मला कुठल्याही समीक्षकाने सांगितलं नव्हतं गं.

बिली वाइल्डरचा १९७० चा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स' तू शेवटी ठेवलास आणि बरं केलंस. वॉटसन बॅले मंडळींच्या पार्टीत मुलींच्या रांगेत बेभान नाचतोय, तिकडे होम्सने स्वतःची सुटका करायला आपण दोघं जोडपं आहोत अशी एक पुडी सोडून दिलेली, ती कुजबुज एकीच्या कानातून दुसरीच्या कानात जाते, एकेक मुलगी गळते आणि तिच्या जागी एकेक पुरुष नाचायला येतो, आणि याला पत्ताच नाही, हा आपला नाचतोय! वॉटसन झालेल्या कॉलिन ब्लेकलीचा चेहरा कळल्यानंतर असा काही होतो की मी सिनेमा थांबवून तुला फोन केला होता. आणि तो सिनेमा निर्मात्यांनी किती कापला, तीन तासांच्या वरचा सव्वादोन तासांच्याही आत आणला. त्यातला लॉक नेसचा राक्षस, त्याच्या पाठीवरचे उंचवटे वाइल्डरने काढायला लावले आणि मॉडेल शूटिंगच्या वेळी खरोखरच तळ्यात बुडालं, २०१६ मधे पाण्याखालचं शोधणाऱ्या सोनार यंत्रावर सापडलं, ही बातमी तूच पाठवली होतीस, खाली फक्त "बघ!" लिहून.

बाकीच्यांचं थोडक्यात. जॅक द रिपरच्या खुनांवरच्या 'मर्डर बाय डिक्री' (१९७९) मधे जेम्स मेसनचा वॉटसन ताटातला शेवटचा मटारचा दाणा काट्याने पकडायला बघतोय आणि होम्स तो आपल्या काट्याने चिरडून टाकतो, त्यावर त्याचं दुखावणं, बास, जॅक द रिपर गेला उडत. 'विदाउट अ क्लू' मधे बेन किंग्जलीचा वॉटसन हाच खरा डिटेक्टिव्ह आणि मायकेल केनचा होम्स भाड्याने आणलेला दारुडा नट, म्हणजे तुझ्या थिअरीचं पुढचं टोक. रॉबर्ट डाउनी ज्युनियरच्या होम्सबरोबरचा वॉटसन, ज्यूड लॉ, मला आवडतो, तू त्याला "देखणा आहे, ठीक आहे" म्हणून निकालात काढलंस, हा अन्याय आहे.

आणि 'मिस्टर होम्स' (२०१५), जो तू बघायचं टाळत होतीस कारण "त्यात वॉटसन नाहीये". बघ गं. नव्वदी ओलांडलेला होम्स, इयान मकेलन, विसरायला लागलाय, वॉटसनने लिहिलेली गोष्ट चुकीची आहे म्हणून खरी लिहायला बसतो आणि त्याला जमत नाही. मधे तो थेटरात जाऊन स्वतःवरचा सिनेमा बघतो, आणि पडद्यावरचा तो होम्स म्हणजे निकोलस रो, १९८५ च्या 'यंग शेरलॉक होम्स' मधला पोरगा! वॉटसन जवळजवळ दिसतच नाही आणि सगळा सिनेमा त्याच्यावाचून अडलेला. यावेळी मी तुला सांगतेय, तू नाही मला.

पुढचा आपण जॉन बॅरीमोरचा १९२२ चा मूकपट बघू. वॉटसन रोलंड यंग आहे, मी आधीच बघून ठेवलंय. प्रिंट दुरुस्त केलेली आहे पण अजून काही तुकडे गायब आहेत, तेव्हा मधेच गोष्ट उडी मारली तर फोनवर माझ्यावर ओरडू नकोस.

तुझी,
भाची