बोहिनला कधी यावे

म्युनिक,
६ डिसेंबर

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बारा दिवसांत सहा देश पाहण्याच्या तुझ्या बेताविषयी मी काही बोलत नाही. वहिनींचे जे मत तू कळवले आहेस, तेवढे पुरेसे आहे. मात्र त्यातून तीन दिवस काढून बोहिनला यायचे झाल्यास कोणता महिना बरा, हे तू विचारलेस याचा आनंद झाला, कारण या वर्षात मी तिथे चार वेळा जाऊन राहिलो आणि चारही वेळा वेगळ्याच गावी आल्यासारखे वाटले.

आधी जागा सांगतो. बोहिन हे स्लोव्हेनियातले, ज्युलियन आल्प्सच्या कुशीतले खोरे. त्यातले सरोवर चार किलोमीटरहून थोडे अधिक लांब असून समुद्रसपाटीपासून ५२५ मीटरवर आहे. आम्ही उतरतो ते स्तारा फुझिना हे गाव पाण्यापासून थोडे आत आहे. नावाचा अर्थ जुनी लोखंडाची भट्टी, कारण एके काळी या खोऱ्यात लोखंड गाळले जाई. उत्तरेकडे त्रिग्लाव हा २८६४ मीटरचा पर्वत आहे. त्रिग्लाव म्हणजे तीन शिरांचा. तो या देशाच्या ध्वजावरही आहे. आईला त्याचे छायाचित्र पाठवले तेव्हा ती म्हणाली, "हा तर दत्ताचाच डोंगर की!"

जुलैविषयी फार लिहीत नाही. पाणी पोहण्याजोगे होते, यांत्रिक नावांना बंदी असल्यामुळे सरोवरावर शांतता असते. पण काठाच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि गाडी उभी करायला जागा शोधण्यात आमची एक अख्खी सकाळ गेली. फेब्रुवारीत सरोवराच्या पश्चिम टोकाच्या उकांत्सहून रज्जुमार्गाने व्होगेल या डोंगरावर गेलो. खाली खोरे धुक्याने भरलेले आणि वर, दीड हजार मीटरवर, लख्ख ऊन. बर्फावरून घसरण्याचा खेळ या वयात शिकू नये, एवढे मात्र माझ्या डाव्या गुडघ्याने मला बजावले आहे.

सप्टेंबरचे सांगतो, कारण तुम्ही तेव्हाच यावे असे मला वाटते. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत राहिलेली गुरे तेव्हा खाली येतात आणि उकांत्सच्या मैदानात त्यांचा सोहळा होतो, त्याला तिथे 'क्राव्ही बाल', म्हणजे गाईंचा नाच, म्हणतात. नाचतात माणसेच, गाई मिरवतात. कपाळावर फुलांचा आणि हिरव्या डहाळ्यांचा मुकुट, गळ्यात कलिंगडाएवढी घंटा, आणि चेहऱ्यावर आपल्याकडच्या पोळ्याच्या बैलासारखाच 'हे काय चालले आहे' असा भाव. आमच्या शेजारच्या गाईने पुढच्या गाईचा मुकुट शांतपणे खाऊन टाकला आणि तिच्या धन्याला ते बराच वेळ कळले नाही. त्याच दिवसांत जवळच्या स्तुदोर गावात जाऊन तिथल्या लाकडी मांडवांची रांग पाहावी. हे मांडव दोन भिंतींचे, वर एकच छप्पर, आणि भिंतींच्या जागी आडव्या दांड्या, ज्यांवर ओले गवत वाळत घालतात. इथे पाऊस इतका आणि ऊन इतके बेभरवशाचे, की गवत जमिनीवर वाळेल याची शाश्वती नसते. म्हणून ते दोरीवरच्या धोतरासारखे हवेत टांगायचे. 'मोहांत' नावाचे इथले मऊ चीज चाखायचे असेल तर नाक धरून चाख. मला आवडले, सौ.ने मात्र ते खोलीत आणू दिले नाही.

आता नोव्हेंबर. पाऊस पाहायला सातारकराने परदेशी जावे हे हास्यास्पद आहे, हे मला मान्य आहे. पण तिथला पाऊस करतो काय ते ऐक. सरोवराच्या पश्चिमेचे डोंगर चुनखडीचे आणि आतून पोकळ आहेत. वर पडलेले पाणी ओढ्यांनी वाहून न येता खडकात मुरते आणि एकदम कड्यातून बाहेर पडते. सावित्सा धबधबा असाच कड्यातल्या भोकातून ७८ मीटर खाली कोसळतो. तो बारमाही आहे. पण उत्तर काठावर गोवित्स नावाची एक गुहा आहे, जी एरवी कोरडी असते आणि मुसळधार पावसानंतरच जागी होते. आम्ही गेलो तेव्हा गावात बहुतेक खानावळी बंद होत्या आणि दोन दिवस आम्ही खिडकीत बसून पत्ते खेळलो. तिसऱ्या रात्री घरमालकीणबाईंनी दार ठोठावले, त्यांच्या हातात कंदील नव्हता तर मोटारीच्या किल्ल्या होत्या, आणि आम्हाला त्या काठावर घेऊन गेल्या. अंधारात दिसत काहीच नव्हते. फक्त पलीकडच्या कड्यातून, लांबच लांब मालगाडी पुलावरून जात राहावी तसा एकसारखा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "गोवित्स." सकाळी पाहिले तर काठावरचे बाक पाण्यात उभे होते आणि सरोवर आदल्या दिवसाहून कितीतरी मोठे झाले होते.

म्हणून तुम्ही सप्टेंबरात या, आणि मी नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहे. म्युनिकहून येसेनीत्से आणि तिथून १९०६ साली सुरू झालेल्या डोंगरी मार्गाच्या छोट्या गाडीने बोहिन्स्का बिस्त्रित्सा, असा प्रवास होईल. पुढे बस आहे. बाईंच्या वरच्या मजल्यावरची खोली गाईंच्या आठवड्यासाठी लवकर भरते, तेव्हा जानेवारी संपण्याआधी तारखा कळव. येताना पाव किलो मेतकूट आण. त्यांना मागच्या वेळी भातावर घालून दिले होते, आणि हल्ली प्रत्येक पत्रात त्या त्याचीच चौकशी करतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक