डांगरी पाठवतोय

बाबू,

काल मी फोनवर ओरडलो, तू फोन कट केलास, आणि तुझी आई रात्री माझ्याशी धड बोललीही नाही. ओरडायला नको होतं. पण तो फोटो बघून डोकंच फिरलं. हातात एवढं महाग डायव्हिंगचं हेल्मेट, पाठीला बेलआउटची, म्हणजे अडीअडचणीच्या हवेची बाटली आणि अंगात हाफ टी-शर्ट! दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल रेघा. झूम करून मोजल्या मी, 11 आहेत.

"पप्पा, इथे फुजैरा बंदरात पाणी 32 डिग्री आहे, सूट कोण घालणार" म्हणालास. बरोबर आहे, 5 मिमीचा रबरी सूट घालून जहाजाचा तळ घासायचा म्हणजे माणूस आतून उकडणार, आणि बार्जवर उन्हात तयार होऊन उभं राहिलं तर पाण्यात उतरायच्या आधीच चक्कर. पण म्हणून उघडं जायचं? आत पातळ लायक्रा, वरून सुती डांगरी, हातात जाड ग्लोव्हज, एवढं तरी घाल. थंडीसाठी नाही रे, तळाला चिकटलेली कालवं कापू नयेत म्हणून. आणि तळाच्या रंगात तांबं असतं, कालवं-शेवाळ धरू नये म्हणून विषच ते, खरवडलं की तुझ्या जखमेवरच बसणार. आजोबांचं बोट कशाने गेलं ते तुला सांगायला नको.

पुन्हा लेक्चर झालं, सॉरी. कोर्स तू केलायस, मी नाही.

पण होडीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं ते आठवतं? तू सातवीत होतास, तुला वर दोरी धरायला लावली होती. मे महिना, मालवणचं पाणी कोमट, मी नुसत्या चड्डीवर दीड तास जाळं कापत होतो आणि वर आलो तर दात कडकड वाजत होते, सुरी बोटांत धरवेना. तू रडायला लागलास पण दोरी सोडली नव्हतीस. पाणी हवेपेक्षा 25 पट लवकर ऊब ओढतं हे मग तूच मला कोर्सच्या पुस्तकातून वाचून दाखवलंस. म्हणजे डिसेंबरात पाणी 24 वर आलं की डांगरीच्या आत 3 मिमीचा फुल सूट लागणार, हे मी सांगायची गरजच नाही. तरी सांगतो.

जेटीवर सगळ्यांना सांगतो, माझा मुलगा लाखभर टनाच्या जहाजाखाली जातो. तुझे सगळे फोटो दाखवतो. हा नाही दाखवला.

मावशीचा जावई शुक्रवारी दुबईला येतोय, त्याच्याकडे दोन डांगऱ्या देतोय. आईने कोपरांना आणि गुडघ्यांना डबल कापड लावलंय. माप गणपतीतल्या शर्टावरून घेतलंय, बारीक झाला असलास तर कळव, ती कंबर आत घेईल. ग्लोव्हज तिथेच घे, पैसे पाठवतो. आणि त्या रेघांचा फोटो उद्या परत पाठव.

पप्पा